दहावीच्या गणिताचं चॅनल: प्रेक्षक कुठून येतो आणि कुठे गळतो

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात दहावीला गणित शिकवणाऱ्या एका मॅडमनी वर्षभरात यूट्यूबवर साठेक व्हिडिओ टाकले. शिकवणं चांगलं आहे, मुलंही तसं सांगतात. पण दर व्हिडिओला शंभर-दीडशे व्ह्यूज, त्यातले निम्मे ओळखीच्यांचे. प्रेक्षक कसा वाढवायचा, शॉर्ट्स करायचे का, पैसे भरून जाहिरात करायची का आणि उत्पन्न कधी सुरू होतं, हे त्यांना हवं आहे.

मॅडम, शिकवणीच्या चॅनलवर मूल येतं ते अडलं म्हणून. उदाहरण सुटलं की ते निघून जातं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून दोन गोष्टी जमाव्या लागतात: अडलेल्या मुलाला तुमचा व्हिडिओ शोधल्यावर सापडला पाहिजे, आणि तो संपायच्या आत त्याला पुढचा व्हिडिओ हवासा वाटला पाहिजे. पहिलीवर सगळे मेहनत घेतात, दुसरी राहून जाते. साठ व्हिडिओ होऊनही चॅनल हलत नाही तेव्हा बहुतेक वेळा ते विखुरलेले असतात. समरूपतेची दोन उदाहरणं, सांख्यिकीचं एक, मध्येच संभाव्यता. एक पाहून झाल्यावर त्याच्या पुढचं तिथे नसतंच. मूल मग दुसऱ्या चॅनलवर जातं, आणि पुढच्या वेळी यूट्यूब त्याला तेच चॅनल दाखवतं.

त्यामुळे नवे विषय थांबवा आणि एक प्रकरण पूर्ण करा. भूमितीतलं पायथागोरसचं प्रमेय घ्या. त्याचे तुकडे असे पडतात: त्रिकुटं, काटकोन त्रिकोण आणि समरूपता, भूमितीमध्य, मूळ प्रमेयाची सिद्धता, व्यत्यास, ३०-६०-९० चा त्रिकोण, ४५-४५-९० चा त्रिकोण, अपोलोनियसचं प्रमेय. त्यावर एक व्हिडिओ फक्त नेहमीच्या चुकांचा आणि एक बोर्डात येतात तशा प्रश्नांचा. दहा व्हिडिओ झाले. प्रत्येक सहा ते बारा मिनिटांचा, एका व्हिडिओत एकच गोष्ट. चाळीस मिनिटांचा ‘संपूर्ण प्रकरण’ व्हिडिओ परीक्षेच्या आदल्या आठवड्यात चालतो. एरवी अडलेल्या मुलाला त्यात आपला प्रश्न कुठे आहे ते सापडत नाही. मोठा व्हिडिओ केलाच, तर वर्णनात वेळा लिहून त्याचे भाग पाडा. पहिली वेळ ०:०० हवी, किमान तीन वेळा हव्यात आणि प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा हवा. यातलं एक जरी चुकलं तरी भाग दिसत नाहीत, आणि का दिसत नाहीत ते यूट्यूब सांगत नाही.

आता नाव. ‘गणित भाग २, लेक्चर १७’ असं कोणतंही मूल शोधत नाही. ते इयत्ता, विषय, प्रकरण आणि अडलेली गोष्ट टाइप करतं, आणि बहुतेकदा रोमन लिपीत, कारण फोनवर बोट तिकडेच जातं. नावात देवनागरी ठेवा आणि तेच शब्द वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत रोमन लिपीतही लिहा. नावाची मर्यादा १०० अक्षरांची असली तरी फोनवर ते बरंच आधी कापलं जातं, म्हणून महत्त्वाचे शब्द सुरुवातीला: ‘भूमितीमध्याचे प्रमेय – सोप्या पायऱ्यांत, दहावी भूमिती’. शाळेचं आणि स्वतःचं नाव शेवटी ठेवा किंवा गाळा.

सरावसंचाचा क्रमांक मात्र नावात घालू नका, वर्णनात घाला. राज्यात २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवी पाठ्यपुस्तकं येत आहेत, ती लाट दहावीपर्यंत पोहोचणारच. ‘सरावसंच २.१ मधील प्रश्न ३’ असं नाव दिलेला व्हिडिओ त्या वर्षी निकामी होतो. संकल्पनेच्या नावाचा व्हिडिओ पुढेही चालतो, क्रमांक बदलायला वर्णनातली एक ओळ पुरते. पुस्तकाची पानं स्क्रीनवर लावून वाचणंही टाळा. बालभारतीच्या पुस्तकांचे हक्क पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळाकडे आहेत. उदाहरणातले आकडे बदलून स्वतःचं उदाहरण फळ्यावर मांडा, शिकवण्यात काही उणं पडत नाही.

माध्यमाचा प्रश्न सोलापुरात जास्तच महत्त्वाचा आहे. सेमी इंग्रजीतलं मूल ‘हायपोटेन्यूज’ लिहितं, मराठी माध्यमातलं ‘कर्ण’ लिहितं, आणि समजावून दोघांनाही मराठीतच हवं असतं. फळ्यावर आकृती काढताना दोन्ही संज्ञा लिहा, एक खाली एक. बोलताना पहिल्यांदा दोन्ही उच्चारा आणि पुढे एकच धरा. संज्ञा दर वाक्याला बदलली की मूल हरवतं. शिवाय आपल्याकडे कित्येक मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलतात. अक्कलकोट-मंगळवेढ्याकडे तर वर्गच्या वर्ग असे असतात. त्यांच्यासाठी वाक्य छोटं ठेवा आणि जे बोललात ते फळ्यावर उमटू द्या. मराठी अस्खलित असलेल्या मुलाचं यात काहीच बिघडत नाही.

सगळ्यात जास्त प्रेक्षक गळतो तो पहिल्या ३० सेकंदांत. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनल सांभाळायच्या यूट्यूबच्याच पानावर, प्रेक्षक टिकल्याचा आलेख असतो, तो उघडून पाहा. ‘नमस्कार विद्यार्थी मित्रांनो, माझ्या चॅनलवर तुमचं मनापासून स्वागत, चॅनलला सबस्क्राइब करा, बेलचं बटण दाबा, मागच्या भागात आपण पाहिलं…’ यात चाळीस सेकंद जातात आणि आलेख तिथेच कड्यासारखा कोसळलेला दिसतो. मुलाला उदाहरण हवं होतं. त्याऐवजी कॅमेरा सुरू होताना फळ्यावर आयत काढलेला असू दे, बाजू २० सेंमी आणि २१ सेंमी, आणि पहिलंच वाक्य असं असू दे: ‘या आयताचा कर्ण किती? काही जण ४१ लिहितात, त्यांनी बाजूंची बेरीज केली. उत्तर २९ आहे, कसं ते बघू.’ चारशे अधिक चारशे एक्केचाळीस, आठशे एक्केचाळीस, वर्गमूळ २९. उत्तर आधी सांगितलं म्हणून मूल जात नाही. उत्तर त्याला पुस्तकामागेही मिळतं, त्याला पायऱ्या हव्या असतात. सबस्क्राइबचं सांगायचं तर उदाहरण सुटल्यावर एका वाक्यात सांगा, आणि कशासाठी तेही: ‘याच प्रकरणाचं पुढचं उदाहरण गुरुवारी येईल.’

जुने साठ व्हिडिओ टाकून देऊ नका. स्टुडिओच्या एडिटरमध्ये सुरुवातीचा भाग कापता येतो. लिंक, व्ह्यूज, कमेंट सगळं तसंच राहतं. बदल दिसायला काही तास लागू शकतात, आणि कापल्यावर वर्णनातल्या वेळा मागे सरकवाव्या लागतात, हे विसरू नका. आधी सगळ्यात जास्त पाहिल्या जाणाऱ्या दहा व्हिडिओंची सुरुवात कापा. नवीन काही न बनवता होणारी ही सगळ्यात मोठी सुधारणा आहे.

त्याच आलेखात मध्येच उंचवटा दिसला तर मुलं तिथे मागे जाऊन पुन्हा पाहत आहेत. गणितात याची कारणं दोन. एक तर पायरी घाईत गेली, किंवा मुलं ती वहीत उतरवत आहेत. स्वतः पाहिलं की कोणतं ते लगेच कळतं. पायरी घाईत गेली असेल तर त्या एका पायरीवर वेगळा व्हिडिओ करा. मुलांनी न बोलता सांगितलेला विषय आहे तो, आणि असे व्हिडिओ चांगले चालतात. शेवटाकडे अचानक घसरण असेल तर ‘तर आज आपण काय पाहिलं’ हे वाक्य शोधा. ते ऐकताच बोट मागे जायच्या बटणावर जातं. उजळणी नको. शेवटच्या २० सेकंदांत पुढच्या व्हिडिओतलं उदाहरण फळ्यावर लिहा, ते मोठ्याने वाचा आणि एंड स्क्रीनवर त्याच व्हिडिओचा चौकोन ठेवा. एंड स्क्रीन ५ ते २० सेकंदांची असते, तेवढी जागा फळ्याच्या उजव्या बाजूला आधीच मोकळी सोडा.

थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्रावर, किती जण बोट ठेवतात तो टक्का पाहून फार हुरळू किंवा खचू नका. यूट्यूबच्याच सांगण्याप्रमाणे निम्म्या चॅनलांचा हा टक्का २ ते १० च्या दरम्यान असतो. शोधातून आलेला आणि होम पानावरून आलेला टक्का वेगवेगळा पाहा, एकत्र पाहिला तर काहीच कळत नाही. थंबनेल १२८० × ७२० चं करा, त्यावर तीन-चार शब्द, ठसठशीत देवनागरी. बारीक टंकात वेलांटी आणि उकार फोनवर पुसल्यासारखे होतात, म्हणून मुक्त किंवा बलूसारखा टंक जाड वजनात घ्या. उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओची लांबी दाखवणारी पट्टी येते, तिथे अक्षर ठेवलं तर झाकलं जातं. बोट दाखवणारा चेहरा आणि लाल बाण यांपेक्षा ‘२०, २१, ?’ लिहिलेली आकृती दहावीच्या मुलाला जास्त ओढते, कारण तीच त्याच्या वहीत असते.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. अंधूक व्हिडिओ मूल सहन करतं, घुमणारा आवाज नाही. कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक पुरतो. तो तोंडापासून एक वीत खाली, शर्टाच्या किंवा ओढणीच्या घडीला घासणार नाही असा. रेकॉर्ड करताना आवाजाची पातळी जास्तीत जास्त उणे ६ डेसिबलपर्यंत जाऊ द्या. एडिट करून झाल्यावर एकूण आवाज सुमारे उणे १४ एलयूएफएस (सरासरी आवाज मोजायचं एकक) ठेवा. मोठा आवाज यूट्यूब कमी करतं, पण बारीक आवाज वाढवून देत नाही. बरेच शैक्षणिक व्हिडिओ इथेच बारीक राहतात, आणि मधली जाहिरात कानठळ्या बसवते. खोली घुमत असेल तर कॅमेऱ्यामागच्या आणि बाजूच्या भिंतीवर जाड टर्किश टॉवेल किंवा दोन पदरी सोलापुरी चादर टांगा, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून. भिंतीला चिकटवली तर परिणाम कमी होतो.

पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीलगत राहत असाल तर यंत्रमागाची खटखट कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ण जात नाही. ती काढायला गेलं की आपलाच आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. माग बंद असण्याची वेळ धरून रेकॉर्ड करा, किंवा मागाच्या विरुद्ध बाजूची आतली खोली घ्या. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा पंखा बंद ठेवून दुपारी रेकॉर्डिंग होणार नाही. फोनही तापतो आणि मध्येच थांबतो. सकाळी सहा ते आठ ही वेळ आवाजालाही बरी आणि फोनलाही. पंखा सुरू ठेवावाच लागला तर एडिटरमध्ये १०० हर्ट्झच्या खालचा आवाज कापा, घरघर बरीच कमी होते.

ट्यूबलाइटखाली चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसत असतील तर कारण वीज आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० करा, पट्टे जातात. पांढऱ्या फळ्यावर चमक येते, म्हणून दिवा समोरून नको, दोन्ही बाजूंनी तिरपा हवा. अक्षराची परीक्षा सोपी आहे: व्हिडिओ ३६० पी वर लावून फोन हातभर लांब धरा. घातांकातला २ वाचता आला नाही तर अक्षर लहान आहे. डेटा वाचवायला बरीच मुलं याच दर्जावर पाहतात.

प्रसाराचं म्हणाल तर व्हॉट्सॲपवर ‘माझा नवीन व्हिडिओ, बघा आणि सबस्क्राइब करा’ असं नातेवाइकांच्या ग्रुपात टाकणं बंद करा. काकू व्हिडिओ उघडतात, दहा सेकंदांत बंद करतात. तुमच्या आकड्यांत गोंधळ वाढतो आणि खऱ्या प्रेक्षकाची सवय दिसेनाशी होते. वर्गाच्या ग्रुपवर मात्र नेमकी लिंक द्या: ‘आज वर्गात ज्यांचं ३०-६०-९० राहिलं त्यांनी हे सहा मिनिटांचं पाहून खालचं उदाहरण सोडवा.’ बाकीच्या शाळांतल्या गणिताच्या शिक्षकांना पूर्ण प्रकरणाची प्लेलिस्ट आणि सोबत एक पानी सरावपत्रिका पाठवा. सरावपत्रिका शिक्षकाच्या कामाची असते, म्हणून ती पुढे जाते, आणि तिच्याबरोबर तुमची लिंकही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची वाट दाखवली, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. कागदावरून थेट व्हिडिओकडे नेण्याचं ते साधन तुमच्याही हाताशी आहे. फक्त कोड प्लेलिस्टचा छापा, एका व्हिडिओचा नको. यूट्यूबवर एकदा चढवलेला व्हिडिओ त्याच लिंकवर बदलून दुसरा ठेवता येत नाही. उद्या चूक सापडली आणि व्हिडिओ नव्याने टाकला तर छापलेला कोड वाया जातो. प्लेलिस्टमधला व्हिडिओ बदलला तरी कोड चालू राहतो.

शॉर्ट्स करा, पण मोठ्या व्हिडिओकडे यायचं दार म्हणून. एक चूक, एक आकृती, ४० सेकंद. शॉर्टच्या वर्णनातली किंवा कमेंटमधली लिंक दाबता येत नाही. स्टुडिओत ‘संबंधित व्हिडिओ’ जोडायची वेगळी सोय आहे, तीच वापरा. शॉर्टला हजारो व्ह्यूज आले आणि मोठे व्हिडिओ तिथेच राहिले तर घाबरू नका, तो प्रेक्षक वेगळा असतो. पण आठवड्याचा वेळ वाटताना मात्र हे लक्षात ठेवा.

पैसे भरून जाहिरात नको. त्यातून आलेले पाहण्याचे तास उत्पन्नाच्या अटीत धरले जात नाहीत, आणि पैसे थांबले की व्ह्यूज थांबतात. ‘तुम्ही मला करा, मी तुम्हाला करतो’ हा सबस्क्राइबचा व्यवहार तर नियमाविरुद्धच आहे, आणि तसे सबस्क्रायबर व्हिडिओ पाहत नाहीत.

वेळापत्रक शाळेचं धरा. वर्ग जूनच्या मध्याला सुरू होतात. प्रत्येक प्रकरण शाळेत पोहोचायच्या दोन-तीन आठवडे आधी चॅनलवर असावं, म्हणजे शोध सुरू होतो तेव्हा व्हिडिओ जुना झालेला असतो, कालच टाकलेला नसतो. दिवाळीआधी पहिल्या सत्राची उजळणी. डिसेंबरपासून नवीन काही शिकवायचं थांबवून प्रश्नपत्रिका सोडवून दाखवा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात सोलापुरातली मुलं कमी दिसतील, पण गणिताचा प्रेक्षक राज्यभर असतो, तो थांबत नाही. बोर्डाची परीक्षा आता फेब्रुवारीतच सुरू होते. ती संपली की आकडे एकदम खाली येतात, आणि बरेच शिक्षक याच महिन्यात निराश होऊन चॅनल सोडतात. एप्रिलची तुलना फेब्रुवारीशी करू नका, मागच्या एप्रिलशी करा. आणि त्या दोन महिन्यांत नवव्या इयत्तेतून येणाऱ्या मुलांसाठी पहिली दोन प्रकरणं तयार ठेवा.

एक सेटिंग अनेकांना नकळत नडतं. व्हिडिओ चढवताना ‘मुलांसाठी बनवलेला आहे का’ असं विचारतात. शिकवणी म्हणजे मुलांसाठीच, असं वाटून बरेच जण ‘हो’ म्हणतात. तो प्रश्न लहान मुलांबद्दल आहे, ढोबळमानाने तेरा वर्षांखालच्या. ‘हो’ म्हटलं की कमेंट बंद होतात, एंड स्क्रीन आणि बेल चालत नाही, आवडीनुसार जाहिराती लागत नाहीत. दहावीचं मूल त्या वयात बसत नाही, तिथे ‘नाही’ हेच खरं उत्तर. उद्या चौथीच्या शिष्यवृत्तीचे व्हिडिओ थेट मुलांशी बोलत केले, तर तिथे ‘हो’ म्हणावंच लागेल. ते वेगळ्या चॅनलवर ठेवलेले बरे.

कमेंटमध्ये मुलं ‘मॅडम, मला फोन करा’ म्हणून नंबर टाकतात. ती कमेंट लगेच काढा, आणि कमेंट आधी तपासून मगच दिसू देण्याचं सेटिंग लावा. वर्गातली मुलं चित्रात येणार असतील तर पालकांची लेखी संमती आधी घ्या.

उत्पन्नाचं गणित असं आहे. जाहिरातींतला वाटा मिळायला सध्या १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत सार्वजनिक व्हिडिओंचे ४,००० तास लागतात, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेले तास या ४,००० मध्ये येत नाहीत, अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यालाच दिसणाऱ्या) व्हिडिओंचेही नाहीत. फक्त ग्रुपवर द्यायचा म्हणून अनलिस्टेड ठेवलेले व्हिडिओ असतील तर ते आजच सार्वजनिक करा. मोठ्या व्हिडिओंवर चॅनलला ५५ टक्के मिळतात. रक्कम १० डॉलरवर पोहोचली की पत्ता पडताळायला टपालाने पिन येतो. पत्त्यात घर क्रमांक, पेठ आणि पिनकोड पूर्ण लिहा, नाहीतर पाकीट पोस्टातच अडकतं. बँकेत पैसे १०० डॉलर झाल्यावर येतात. आणि तुम्ही अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला असाल तर अर्ज करण्याआधी मुख्याध्यापकांमार्फत लेखी परवानगी मागा, आणि तिची पोचपावती जपून ठेवा.